केस सील झाली होती, तरी बंदुकीला नकार आला. अमेरिकेतल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावं

माणदेशी_मुलूख
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय. आज लिहायची वेळ आली, तीही अशा विषयावर.

कॅलिफोर्नियात राहतो, ग्रीन कार्ड आहे. मुलगी दहावीत. शाळेच्या क्लबात ट्रॅप शूटिंग करते, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या शॉटगनने फोडायच्या. पोरगी अभ्यासात जेवढी रमत नाही तेवढी यात रमलीय. कोच म्हणाले, क्लबची बंदूक तिच्या खांद्याला लांब पडते, स्वतःची घेतलीत तर बरं. म्हणून मी सेफ्टीची लेखी परीक्षा दिली, दुकानात फॉर्म भरला, पैसे भरले. इथे दहा दिवस थांबावं लागतं. नवव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला की राज्याच्या न्याय खात्याने नकार दिलाय. चार दिवसांनी पत्र आलं. कारण: कौटुंबिक हिंसेचा मिसडिमीनर, म्हणजे कमी गंभीर दर्जाचा गुन्हा.

आता मागचं सांगतो. २०११ साली मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होतो. गावाकडच्या जमिनीच्या कर्जावरून बायकोशी कडाक्याचं भांडण झालं. ती माहेरी फोन लावत होती, मी तिच्या हातातून तो हिसकावला. मनगटावर ओरखडा उठला, रक्त आलं. भिंतीपलीकडच्यांनी ९११ लावला. एक रात्र कोठडीत काढली. वकील म्हणाला, "नो कॉन्टेस्ट म्हणा, म्हणजे आरोप नाकारू नका, जेल नाही, पुढे केस पुसून टाकता येते." तीन वर्षं प्रोबेशन आणि ५२ आठवड्यांचा वर्ग. दर मंगळवारी संध्याकाळी जायचो, एकही चुकवला नाही. २०१५ मध्ये कोर्टाने कलम १२०३.४ खाली केस डिसमिस केली. तो शिक्का मारलेला कागद अजून देवघराच्या खणात आहे.

चूक माझीच होती, तिच्यावर पांघरूण घालायला आलेलो नाही. विचारायचं एवढंच, की रेकॉर्ड सील झालं, केस डिसमिस झाली, वर १४ वर्षं गेली, मग हे अजून दिसतं कसं? आणि फॉर्मवर त्या प्रश्नाला मी "नाही" लिहिलं होतं. आता रात्री झोप लागत नाही.

सीताफळ
अहो, घाबरू नका. सील झालं म्हणजे संपलं. माझ्या मेहुण्याची कॉलेजातली केस सील झाली, त्यानंतर तीन नोकऱ्या बदलल्या, कुठेच काही निघालं नाही. तुमच्या बाबतीत कॉम्प्युटरची चूक असणार. अपील टाका, आठवड्यात सुटेल.

कोर्टकचेरी
सीताफळ, थांबा. हेतू चांगला आहे तुमचा, पण या सल्ल्याने माणूस खड्ड्यात जाईल.

मी वकील नाही. लॉस एंजेलिसमध्ये फौजदारी बचावाच्या एका ऑफिसात १४ वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलांचा मदतनीस आहे. हीच गोष्ट घेऊन आमच्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी येतं आणि प्रत्येकाच्या हातात तोच शिक्क्याचा कागद असतो.

माणदेशी, आधी दोन गोष्टी. फॉर्मवर काय लिहिलं, का लिहिलं, याबद्दल इथे यापुढे एक अक्षरही लिहू नका. ते फक्त वकिलासमोर. आणि आजपासून बंदुकीला, काडतुसालाही हात लावायचा नाही. रेंजवर मुलीची बंदूक क्षणभर धरायलासुद्धा नाही. केंद्रीय कायद्याच्या भाषेत तो ताबाच, आणि बंदी असलेल्या माणसाला त्यासाठी २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता मूळ प्रश्न. कॅलिफोर्नियातलं १२०३.४ हे नावाला "एक्स्पंजमेंट" म्हणून ओळखलं जातं, पण त्यात काही पुसलं जात नाही. कोर्ट तुमची नो कॉन्टेस्ट मागे घेऊ देतं आणि खटला डिसमिस करतं. खाजगी नोकरीत त्याचा चांगला उपयोग होतो. पण त्याच कलमात स्पष्ट वाक्य आहे: या आदेशाने बंदूक बाळगायची मुभा मिळत नाही. तुमच्या कागदावरही बहुधा छापलेलं असेल, खालच्या बारीक टाइपात. काढून बघा.

हे एक वाक्य महत्त्वाचं का, ते सांगतो. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगता येत नाही. प्रत्यक्षात किती दिवस आत होता हे बघत नाहीत, किती होऊ शकली असती ते बघतात. राज्याच्या कायद्याने मिसडिमीनर असेल आणि कमाल शिक्षा दोन वर्षांपर्यंत असेल, तर तो यातून सुटतो. पण १९९६ मध्ये लॉटेनबर्ग दुरुस्ती आली. तिच्यामुळे नवरा-बायकोतला मारहाणीचा साधा मिसडिमीनरही बंदीत आला. जन्मभरासाठी.

केंद्रीय कायद्यात सुटकेचं दारही आहे. दोषसिद्धी एक्स्पंज झाली, रद्द झाली, किंवा माफी मिळाली, तर ती धरायची नाही. मात्र त्या आदेशातच "बंदूक बाळगता येणार नाही" असं म्हटलं असेल तर हे दार बंद. १२०३.४ मध्ये नेमकं तेच म्हटलंय. शिक्का खरा आहे, पण तो घरमालकाला आणि कंपनीला दाखवण्यापुरता.

माणदेशी_मुलूख
आत्ता कागद काढून वाचला. आहे ते वाक्य. शेवटून दुसऱ्या ओळीत. दहा वर्षं खणात होता आणि मी शिक्क्याच्या खाली कधी वाचलंच नाही.

पण मी असंही वाचलं की कॅलिफोर्नियात अशा केसला दहाच वर्षांची बंदी आहे. ती २०२१ ला संपली ना?

कोर्टकचेरी
राज्याची संपली, बरोबर. कलम २९८०५ खाली ठरावीक मिसडिमीनरना दहा वर्षं बंदी असते आणि बॅटरी, म्हणजे साधी मारहाण, त्यात येते. (जोडीदाराला जखमी करण्याचं जे थोडं वरचं कलम आहे, २७३.५, त्यात १ जानेवारी २०१९ नंतर दोषी ठरलेल्यांना राज्यानेही आजन्म बंदी केलीय.) पण केंद्राची बंदी वेगळी चालते. दुकानात फॉर्म भरला की राज्याचं खातं दोन्ही तपासतं. एकीकडून सुटलात आणि दुसरीकडे अडकलात.

आमच्याकडे येणारी निम्मी माणसं इथेच फसतात. राज्याचा वकील राज्याच्या कायद्याचं बोलतो, आणि ते खरंच असतं. केंद्राचं कोणी काढत नाही.

ह्यूस्टनकर
याचंच टेक्सासमधलं उदाहरण देतो. इथल्या कायद्याने फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, दोषी ठरलेला माणूस शिक्षा आणि देखरेख संपल्यावर पाच वर्षांनी स्वतःच्या घरात बंदूक ठेवू शकतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी याच भरवशावर घरात ठेवली होती. राज्याच्या दृष्टीने कायदेशीर, केंद्राच्या दृष्टीने फेलनी. सुदैवाने काही घडायच्या आत कोणीतरी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ती भावाच्या घरी पाठवली.

उलट बाजूही आहे. इथे "डिफर्ड ॲडज्युडिकेशन" असतं, म्हणजे गुन्हा कबूल करायचा, पण न्यायाधीश दोषी ठरवणं लांबणीवर टाकतो. मुदत नीट पार पाडली की दोषसिद्धी होतच नाही. त्यामुळे ती मुदत पार पडल्यावर बंदुकीच्या केंद्रीय कायद्यात साधारणपणे ती दोषसिद्धी धरत नाहीत. नंतर नॉनडिस्क्लोजरचा आदेश घेतला की रेकॉर्ड सामान्य लोकांपासून झाकलंही जातं.

कोर्टकचेरी
ह्यूस्टनकर, बरोबर, पण आपल्या लोकांसाठी पुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे: इमिग्रेशनला ते चालत नाही. इमिग्रेशन कायद्यात दोषसिद्धीची व्याख्या स्वतंत्र आहे. गुन्हा कबूल केला आणि कुठलीही शिक्षा किंवा बंधन घातलं, की झाली दोषसिद्धी. नंतर सील करा, एक्स्पंज करा, डिसमिस करा, तिथे ती राहतेच. नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्मवर अटक झाली होती का हा प्रश्न असतो. सील झालेल्या अटकाही सांगायच्याच. तिथे लपवलेली गोष्ट मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडलेली मी पाहिलीय.

क्वीन्सवाला
न्यूयॉर्कचं सांगतो. माझं पेट्रोल पंपाचं दुकान आहे, रात्री दोनपर्यंत उघडं. २००४ मध्ये एका भांडणात मला अटक झाली होती. केस पूर्ण डिसमिस झाली आणि आपोआप सील झाली. दोषसिद्धी शून्य. चार वर्षांपूर्वी पिस्तुलाच्या लायसन्ससाठी अर्ज केला. अर्जावरच लिहिलेलं होतं की सील झालेली अटकसुद्धा सांगा. मी सांगितली. तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर त्या २००४ च्या केसची प्रत आधीच पडलेली होती. मी काय सांगतो हे तो फक्त ताडून बघत होता. लेखी खुलासा द्यावा लागला, वर्ष गेलं, शेवटी मिळालं.

इथे २०२४ च्या नोव्हेंबरपासून क्लीन स्लेट कायदा लागू झालाय. मिसडिमीनर तीन वर्षांनी, बऱ्याचशा फेलनी आठ वर्षांनी आपोआप सील होणार, आणि कोर्टांना ते काम पूर्ण करायला २०२७ पर्यंत मुदत आहे. मंडळाच्या दिवाळीत एक-दोघे म्हणाले की आता बंदुकीचंही मोकळं झालं. तसं नाही. सील झालेलं रेकॉर्ड बंदुकीचं लायसन्स देणाऱ्यांना उघडंच राहतं, कायद्यातच तसं लिहिलंय.

सीताफळ
माझं चुकलं. माणदेशी, माझी पहिली पोस्ट विसरा. पण मनातलं विचारते. शिक्षा भोगली, वर्ग केले, १४ वर्षं नीट वागले. मग सील करायचं ते कशाला? माणसाला पुन्हा उभं राहू द्यायचं म्हणून ना? अर्धंच उभं राहू देणार का?

निरगुडी
सीताफळ, तुमच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने उत्तर देते. मी अकरा वर्षं आपल्याकडच्या बायकांसाठीच्या एका हेल्पलाइनवर फोन घेते. मराठी, हिंदी, गुजराती.

एक बाई फोन करायच्या, आठवड्यातून एकदा, नवरा जिममध्ये असताना. नवऱ्याने बंदूक त्यांच्यावर कधीच रोखली नाही. पण भांडण झालं की तो पलंगाशेजारच्या खणातून, घडी केलेल्या टॉवेलखालून पिस्तूल काढायचा, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचा आणि पुसत बसायचा. एक शब्द न बोलता. बाई म्हणायच्या, "तो पुसत असतो तेव्हा मी भाकऱ्या थापत असते आणि माझे हात थांबत नाहीत, कारण थांबले तर त्याला कळेल." पोलिसांना सांगण्यासारखं त्यात काय होतं? काहीच नाही.

१९९६ पूर्वी दोषी ठरल्यामुळे बंदूक जायची ती फेलनी असेल तरच. घरातल्या मारहाणीच्या केसेस फेलनी म्हणून टिकत नसत. बायको साक्ष द्यायला कचरायची, वकील तडजोड करायचे, प्रकरण मिसडिमीनरवर मिटायचं आणि बंदूक त्याच घरात परत जायची. न्यू जर्सीचे सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी हे भोक बुजवलं. २०२४ मध्ये रहिमी खटल्यात सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की कोर्टाने धोकादायक ठरवलेल्या, संरक्षण आदेश लागलेल्या माणसाची बंदूक काढून घेणं घटनेला धरून आहे. त्या दिवशी मी ऑफिसात रडले.

माणदेशी, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही "चूक माझी" असं लिहिलंत, ते मी नीट वाचलं. पण सील करताना कायदा जर म्हणत असेल की नोकरी मिळू दे, घर मिळू दे, फक्त हे एक नको, तर मला ते अन्यायाचं वाटत नाही. नोकरीने कोणी मरत नाही.

माणदेशी_मुलूख
ताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या रात्री घरात बंदूक असती तर मी फोनसुद्धा उचलला नसता." तिने हे मला १४ वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

माझा तुमच्याशी वाद नाही. मला बंदूक माझ्यासाठी नकोच होती.

बफेलोची_थंडी
२०२२ च्या केंद्रीय कायद्यात पाच वर्षांनी हक्क परत मिळतात ना? त्याबद्दल कोणी बोललं नाही अजून.

कोर्टकचेरी
ते फक्त डेटिंगच्या नात्यातल्या गुन्ह्यांना. लग्न झालेलं नसताना, एकच मिसडिमीनर, आणि पाच वर्षांत दुसरं काही नाही, तर बंदी उठते. नवरा-बायको, एकत्र राहणारे किंवा मुलाचे आई-वडील यांना ती सवलत नाही.

निरगुडींशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एक तक्रार नोंदवतो. टेबलावर पिस्तूल पुसत बसणाऱ्याला आणि फोन हिसकावणाऱ्याला हा कायदा एकाच तराजूत घालतो. २०१४ च्या कॅसलमन निकालात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की नुसता आक्षेपार्ह स्पर्शही "शारीरिक बळ" म्हणून पुरतो. राज्याच्या न्यायाधीशापुढे जाऊन "हा माणूस आता धोकादायक आहे का, बघा" असं विचारायची वाट कॅलिफोर्नियातल्या माणदेशींसारख्यांना जवळपास नाही. वॉशिंग्टन राज्यात हक्क परत मिळवायचा वेगळा अर्ज सुपीरिअर कोर्टात करता येतो, तिथे निदान कोर्टापुढे अर्ज तरी ठेवता येतो. मला तसं काहीतरी सगळीकडे हवंय. बंदी असावी, पण दार ठोठावायची सोयही असावी.

केंद्राकडे अशी सोय कागदावर आहे, कलम ९२५(सी). पण १९९२ पासून काँग्रेसने एटीएफला, म्हणजे बंदुकांचं काम बघणाऱ्या केंद्रीय खात्याला, त्या अर्जांवर पैसे खर्च करायलाच मनाई केली. तीस वर्षं खिडकी होती, आत माणूस नव्हता. २०२५ मध्ये न्याय खात्याने ते काम स्वतःकडे घेऊन पुन्हा सुरू करायच्या हालचाली केल्या. त्यावर भिस्त ठेवून आत्ता काही ठरवू नका.

फिलीकर
पेनसिल्व्हेनियाचा रेंज खटला सांगायला हवा इथे. ब्रायन रेंज यांनी १९९५ मध्ये फूड स्टॅम्पसाठी, म्हणजे सरकारी अन्नमदतीसाठी, उत्पन्न कमी दाखवलं होतं. गुन्हा कबूल, प्रोबेशन, जेल नाही. पण त्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती, म्हणून आजन्म बंदी. ते लढले आणि थर्ड सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाच्या पूर्ण पीठाने २०२३ मध्ये, आणि सुप्रीम कोर्टाने परत पाठवल्यावर २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा, त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र तो त्यांच्यापुरता. मारहाणीच्या केसला त्याचा आधार मिळणं अवघड.

आमच्याकडे २०१८ मध्ये देशातला पहिला आपोआप सील करण्याचा क्लीन स्लेट कायदा झाला. त्यानेही बंदुकीचे हक्क परत येत नाहीत.

नवीन_पाखरू
थोडा वेगळा प्रश्न. मी एच-१बी वर आहे, कुठलीही केस नाही. गेल्या महिन्यात आम्ही मित्र व्हेगसला गेलो तेव्हा रेंजवर बंदूक भाड्याने घेऊन चालवली. यात काही आहे का?

कोर्टकचेरी
आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे, रेकॉर्ड कितीही स्वच्छ असो. मुख्य अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. ते खिशात असेल तर ठीक. रेंजवाल्याने विचारलं नाही म्हणून आपण मोकळे होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. फोटो टाकले असतील तर काढून टाका असं मी म्हणणार नाही, वकिलाला विचारा. पण पुन्हा करू नका, आणि नव्याने आलेल्या मित्रांना हे सांगा. आपल्याकडे व्हेगस म्हटलं की रेंज ठरलेलीच असते.

पर्वतीचा_पायथा
पुण्यातून लिहितो. भारतात मोठ्या माणसांच्या केससाठी "सील" ही भानगडच नाही, म्हणून उत्सुकतेने वाचतोय. आपल्या शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ९ मध्ये हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. त्यानंतर अर्ज करता येतो, पण परवाना हा हक्क नाही, पोलिसांचा अहवाल सगळं ठरवतो. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेल्याला अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ चं कलम १२ अपात्रतेतून वाचवतं. तिकडच्या सीलला सगळ्यात जवळचं आपल्याकडे तेच.

एक शंका. माझ्या आतेभावाला सांगलीत जुन्या मारामारीत दोन वर्षांची शिक्षा झाली होती. तो आता मुलाकडे अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहे. तिथे ती धरतात का?

कोर्टकचेरी
बंदुकीच्या केंद्रीय कायद्यात नाही. २००५ च्या स्मॉल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की "कुठल्याही न्यायालयात" याचा अर्थ अमेरिकेतलं न्यायालय. तो खटला जपानमधल्या शिक्षेचा होता. पण इमिग्रेशनमध्ये परदेशातली शिक्षा पूर्ण धरतात, आणि राज्याचे नियम आणखी वेगळे. त्यांना म्हणावं, व्हिसाच्या कागदांत ती दाखवली होती का, हे आधी तपासा. बंदुकीचा विचार त्यानंतर.

माणदेशी, आता तुमच्यासाठी. चार कामं सांगतो, याच क्रमाने.

एफबीआयकडून स्वतःचं रेकॉर्ड मागवा. बोटांचे ठसे आणि १८ डॉलर. त्यांच्याकडे नेमकं काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय कोणीच काही सांगू शकत नाही. (बाकी वाचणाऱ्यांसाठी: कॅलिफोर्नियात दुकानात जाण्याआधीच स्वतःची पात्रता न्याय खात्याकडे २० डॉलर भरून विचारता येते. तो अर्ज आधी करा. दुकानातून नकार आला की २०२२ च्या कायद्याने त्याची खबर २४ तासांत स्थानिक पोलिसांना जाते.)

मग वकील शोधा, पण फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही कळणारा. त्याला कलम १४७३.७ बद्दल विचारा. २०१७ पासून कॅलिफोर्नियात ही सोय आहे: इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे न कळता गुन्हा कबूल केला असेल, तर ती कबुलीच कायद्याने सदोष म्हणून रद्द करून मागता येते. हे १२०३.४ सारखं वरवरचं नाही, दोषसिद्धी मुळापासून जाते. २०१० च्या पडिया निकालापासून वकिलाने हद्दपारीचा धोका समजावून सांगणं बंधनकारक आहे. तुमची कबुली २०११ ची. वकिलाने एच-१बी चा विषय काढला होता का, हे आठवून त्यालाच सांगा, इथे नको. कबुली रद्द झाली की केस पुन्हा उभी राहते, आणि बऱ्याचदा सरकारी वकील शांतताभंगासारख्या साध्या कलमावर तयार होतो. हमी कोणी देणार नाही.

तिसरं, त्या वकिलाला विचारल्याशिवाय एन-४०० भरू नका. ग्रीन कार्डवाल्याला बेकायदा बंदूक बाळगल्याची शिक्षा झाली तर तेवढ्यावर हद्दपारी होऊ शकते, म्हणून वर एवढं ओरडून सांगितलं.

चौथं मुलीचं. वहिनी स्वतःच्या नावाने, स्वतःसाठी आणि मुलीच्या वापरासाठी बंदूक घेऊ शकतात. तुमच्यासाठी म्हणून घेतली तर तो वेगळा गुन्हा. घरात ठेवायची तर कुलपात, आणि किल्ली किंवा आकडा तुम्हाला माहीतच नसला पाहिजे. खरं सांगू? घरात नकोच. क्लबमध्ये किंवा कोचकडे ठेवता येते का बघा.

निरगुडी
चौथ्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा. आणि माणदेशी, वहिनींना वेगळं कधी कोणाशी बोलावंसं वाटलं तर मला खाजगी निरोप पाठवायला सांगा. तुमच्यामार्फत नको, त्यांनाच लिहू दे.

माणदेशी_मुलूख
पाच आठवड्यांनी लिहितोय.

एफबीआयचा कागद आला. २०११ ची ओळ जशीच्या तशी आहे. कलम, तारीख, कोर्टाचं नाव. तिच्या खाली २०१५ चं "डिसमिस्ड" जोडलंय, एवढंच. बघून पोटात गोळा आला, पण आता निदान माहीत आहे काय आहे ते.

वकीलबाई मिळाल्या, इमिग्रेशनही करतात. फॉर्मच्या बाबतीत काय करायचं ते त्यांनी सांगितलंय, इथे लिहीत नाही. १४७३.७ साठी २०११ ची पूर्ण फाईल मागवलीय. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "कबुलीच्या दिवशी वकिलाने तुमच्याशी किती वेळ बोलणं केलं?" मला आठवलं ते फक्त कोर्टाबाहेरचं पाणी प्यायचं मशीन. तिथे उभ्याउभ्या झालं होतं सगळं.

बायकोने स्वतः सेफ्टीची परीक्षा दिली, ३० पैकी २९. बंदूक तिच्या नावावर, राहते कोचच्या तिजोरीत. निरगुडीताईंना तिने लिहिलंय म्हणाली, काय ते मी विचारलं नाही.

शनिवारी पोरीची पहिली स्पर्धा आहे. मी कुंपणाबाहेरच्या बाकावर बसणार, कानाला मफ लावून.

सीताफळ
वाट बघतेय. किती फुटल्या ते कळवा.

माणदेशी_मुलूख
२५ पैकी १७. शेवटच्या पाचही फोडल्या.